अठरा हात

आमच्या सोसायटीत काहीही मोजायचं असलं की काकांना बोलवायचे. मांडववाल्याने किती खुर्च्या आणल्या, गणपतीत किती पानं बसली, टाकीवर चढवलेल्या पाइपांचे तुकडे किती, सगळं काका. एरवी चौतीस घरांतले चौतीस जण 'मी सांगतो, मी सांगतो' करणारे, पण आकड्याची वेळ आली की माना बारा नंबरकडे वळायच्या. बारा नंबर म्हणजे काका. पहिला मजला, जिन्याला लागून.

माणसं मोजताना ते बोट दाखवायचे नाहीत. माणसावर बोट रोखू नये, असं त्यांच्या आईने लहानपणी मालवणात सांगितलेलं, ते सत्तरीतही पाळत होते. नजर फिरवायचे आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या बोटांच्या पेरांवरून सरकवत जायचे. ओठ हलायचे नाहीत. मी मुद्दाम बघितलंय कितीदा.

मी सोसायटीची सेक्रेटरी. सात वर्षं झाली, फुकटची हमाली. दिवसभर बोरिवलीला एका दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसायचं, लोकांच्या किंकाळ्या ऐकायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन गळतीच्या तक्रारी ऐकायच्या. त्यामुळे मीटिंगला बसले की माझं लक्ष घड्याळाकडे. आणि काकांची पद्धत अशी की मीटिंग लांबणारच. ते हात दोनदा मोजायचे. आधी पुढच्या रांगेपासून मागे, नुसता आकडा. मग मागून पुढे, घराचा नंबर घेऊन, तोंड बघून. "एकतीस, हो. अठ्ठावीस, हो. नऊ, हात नीट वर करा, मत देताय की डोकं खाजवताय?" गच्चीवर हशा व्हायचा. मी मनात म्हणायची, आवरा हो काका, माझा कुकर बंद कोण करणार.

त्या दुसऱ्या फेरीत ते कुणाला सोडायचे नाहीत. पाण्याच्या टाकीच्या ठरावाला माझ्या नवऱ्याने ऐटीत हात वर केला होता. काका मागून मोजत आले आणि थांबले. "सतरा, घर बायकोच्या नावावर आहे. हात खाली." नवरा म्हणाला, "अहो, एकच घर ना आमचं." काका म्हणाले, "घर एकच. हात तिचा." माझा नवरा महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हता. मला मात्र मनातून बरं वाटलं होतं, कारण त्या घरात माझा हात म्हणून कुणी काही मोजल्याची ती पहिलीच वेळ.

त्यांचा स्वतःचा हात कधीच वर गेला नाही. एकदा मी विचारलं, तुमचं मत कुठे मांडू? म्हणाले, "मांडू नकोस. मोजणाऱ्याला काय पाहिजे ते कुणाला कळता कामा नये. कळलं की लोक आकड्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात." मी म्हटलं, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? म्हणाले, "कायद्यात कशाला लागतंय? मला कळतं ना."

बोलायला लागले की त्यांची आणखी एक खोड. आधी किती गोष्टी सांगणार तो आकडा जाहीर करायचा. "सेक्रेटरीबाई, चार गोष्टी आहेत, तिसरी महत्त्वाची." मग पहिलीपासून सुरुवात. सरळ तिसरी सांगा म्हटलं तर सांगायचे नाहीत. मधे दूधवाला आला, फोन आला, कुणाचं पोर जिन्यावरून पडलं, तरी परत येऊन म्हणायचे, "दोन झाल्या." पोरं त्यांची नक्कल करायची. माझी मुलगी तर घरातसुद्धा सुरू व्हायची, "आई, दोन गोष्टी आहेत, दुसरी महत्त्वाची, मला गणितात कमी पडलेत."

काका बँकेत होते, कुर्ल्याच्या एका शाखेत. सगळी नोकरी खिडकीमागे, कॅशवर. खिडकीवर आधी 'रोखपाल' अशी पाटी होती. एक दिवस ती काढून नवीन लावली, 'टेलर'. शिंपी नव्हे, इंग्रजी 'टेल'वरून आलेला. बाकीच्यांनी बघितली आणि कामाला लागले. काका घरी येऊन डिक्शनरी उघडून बसले. ती गोष्ट मी त्यांच्याकडून दहा वेळा तरी ऐकली असेल, आणि दहाही वेळा सुरुवात तीच. "तीन अर्थ निघाले. तिसरा महत्त्वाचा."

पहिला अर्थ, बँकेत पैसे मोजून देणारा. दुसरा, गोष्ट सांगणारा. तिसरा, सभेत मतं मोजून निकाल सांगणारा. "आता बघ," काका म्हणायचे, "तिसऱ्यात पहिले दोन्ही आले. मोजायचं पण आणि सांगायचं पण. नुसतं मोजून गप्प बसतं ते मशीन. आणि नुसतंच सांगतो तो आपला चेअरमन."

त्यांनी ते भलतंच मनावर घेतलं होतं. नोटा मोजून दिल्या की गिऱ्हाइकाला काहीतरी सांगितल्याशिवाय सोडायचे नाहीत. पेन्शनवाल्या एका आजोबांना म्हणे ते दर महिन्याला, गेल्या खेपेला तुमच्या आधी रांगेत कोण होतं आणि ते काय बोलले, ते सांगायचे. आजोबा ते ऐकायला लवकर येऊन बसायचे. मॅनेजरने दोनदा मेमो दिला. काकांनी दोन्ही मेमो जपून ठेवले होते आणि आम्हाला दाखवायचे. रिटायर झाल्यावर सोसायटीने त्यांना खजिनदार व्हा म्हणून गळ घातली, तर नाही म्हणाले. "पहिला अर्थ संपला. तिसरा असेल तर देतो." म्हणून ते हात मोजायला लागले.

दुसरा अर्थ त्यांनी घरात ठेवला होता.

काकूंची नजर काचबिंदूने गेली. एका दिवसात नाही, कडेकडेने सात-आठ वर्षं जात गेली. आधी जिन्याचा कठडा दिसेना, मग शेजारची माणसं दिसेनात, मग समोर धरलेलं ताट. मूलबाळ नव्हतं. दोघंच. आणि ह्या माणसाने काय करावं, तर नजर पूर्ण जायच्या आत काकूंना सगळं घर मोजून शिकवलं. पलंगापासून दारापर्यंत सात पावलं. दारापासून ओट्यापर्यंत पाच. ओट्यावरून डावा हात सरळ नेला की चौथा डबा चहाचा, पाचवा साखरेचा. पलंगापासून मोरीचा उंबरा अकरा. काकांची पावलं नव्हेत, काकूंची. ते त्यांच्या मागून चालायचे आणि मोजायचे, रोज, महिनोन् महिने.

मी एकदा वर्गणी मागायला गेले तेव्हा काकूंनी मला चहा करून दिला. मी दारातच उभी. काकू पलंगावरून उठल्या, चालत आल्या, वळल्या, गॅस पेटवला. कुठे चाचपडणं नाही. फक्त उजव्या हाताचा अंगठा पेरांवरून सरकत होता. मला म्हणाल्या, "बस गो. खुर्ची थंयच आसा. हलव नको मात्र." मी खुर्ची हलवली नाही. बसतानासुद्धा पुढे ओढली नाही.

संध्याकाळी सहाला दोघं गॅलरीत. काका रस्ता सांगायचे. "बसस्टॉपवर सहा. दोन बायका, एक पोरगा, तीन म्हातारे. निळ्या साडीवालीकडे कोथिंबिरीची जुडी." काकू विचारायच्या, "हसताहा काय ती?" काका म्हणायचे, "पाठमोरी आहे. वळली की सांगतो." आणि खरंच वाट बघायचे. ती बाई न वळता बसमध्ये चढली तर सांगायचे, "गेली. नाही दिसलं." मला खाली उभं राहून ऐकायला यायचं आणि वैताग यायचा. अहो, बिचारीला सांगा ना हसत होती म्हणून, कोण बघायला येणार आहे? तसं एकदा बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "एकदा न दिसलेलं सांगितलं, तर तिला पुढच्या प्रत्येक वेळी विचार करावा लागेल, ह्यातलं दिसलेलं कुठलं." पुढे मी तो विषय काढला नाही.

आमची बिल्डिंग चारकोपातली, तीन मजली, लिफ्ट नाही. घरं लहान. माझं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. मुलगी बारावीला होती तेव्हा ती ओट्याखाली पाट टाकून अभ्यासाला बसायची, कारण बाहेर टीव्ही आणि सासूबाईंचा खोकला. मी फोडणी द्यायची आणि तिच्या वहीवर तेल उडायचं. रीडेव्हलपमेंटवाला बिल्डर आला आणि म्हणाला प्रत्येकाला एक खोली जास्त, तेव्हा मला तो माणूस देवासारखा वाटला. खोटं कशाला बोलू.

बिल्डिंगमध्ये निम्मे इकडे, निम्मे तिकडे. म्हाताऱ्यांना नको, तरुणांना हवं. मी दारोदार फिरले. बारा नंबरला गेले तेव्हा काका बाजारात गेले होते. काकू एकट्याच. मी प्लॅन समजावून सांगितला, लिफ्ट येईल म्हटलं, नवं बाथरूम म्हटलं. दोन-तीन वर्षं भाड्याने राहावं लागेल, मग परत. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात धरला आणि म्हणाल्या, "माका ह्या घरातसून खय नेव नको गो. माका दिसता ता ह्याच घर."

मी म्हटलं, "अजून कशात काही नाही, काकू." आणि उठले. जिन्यात काका भेटले. त्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? म्हणाले, "त्या दिवशी मोजायला मी आहे. मला काय विचारतेस."

मीटिंग रविवारी सकाळी गच्चीवर झाली. नियम साधा होता. चौतीस घरं, निम्म्याहून जास्त पाहिजेत, म्हणजे अठरा हात. सतरा झाले तर ठराव पडला. बिल्डरचा माणूस खाली गाडीत बसून होता आणि त्याने स्पष्ट सांगितलं होतं, आज नाही झालं तर समोरच्या प्लॉटवर जातो. म्हणजे पडला तर चार-पाच वर्षं तरी विषय मागे, हे सगळ्यांना माहीत होतं.

सव्वीस नंबरकडून सून आली होती. घर तिच्या सासूच्या नावावर. सासू देवगडला गेलेली, आणि आदल्या रात्री तिचा मला फोन आला होता, "माझा नाही धर. मी आल्यावर बघू." गावाहून फोनवर दिलेलं मत धरता येत नाही, तेव्हा ते घर ना इकडे, ना तिकडे. सुनेला तसं सांगायचं मी सकाळी ठरवलं होतं. पण ती येऊन बसली, मांडीवर लहान मुलगा, आणि मी म्हटलं बघू, हात वर करणार नाही कदाचित.

चेअरमननी ठराव वाचला. हात वर झाले. सव्वीसची सून पहिल्यांदा गप्प बसली, मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. हजेरीची यादी माझ्या हातात होती. कोण सभासद, कोण नाही, हे बघणं माझं काम होतं. मी मान खाली घातली आणि यादी वाचत असल्यासारखं केलं. म्हटलं, काका उलटे मोजायला लागले की सापडेलच. ते म्हणतील, सव्वीस, हात खाली. मग मी म्हणेन, अरे हो, खरंच की. वाईटपणा त्यांच्या माथी जाईल, मी मोकळी.

काका पुढून मागे मोजत गेले. अंगठा एक फेरी फिरला, दुसरी अर्धी झाली आणि थांबला. ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता मागून सुरू करतील. अंगठा पहिल्या पेरावर आलाही. मग त्यांनी हात खिशात घातला.

"अठरा," म्हणाले. "ठराव मंजूर."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, उलटं नाही मोजलंत?"

"गरज नाही," काका म्हणाले, आणि खुर्च्यांमधून वाट काढत खाली गेले. काकू एकट्या होत्या ना घरी.

मी मिनिट्समध्ये अठरा लिहिलं. पुढे कागद झाले, सरकारी माणूस आला, सह्या झाल्या, पण ती सगळी नंतरची वरात. लग्न ठरलं ते त्या रविवारी. एकदा होणारच म्हटल्यावर नको म्हणणारे पण सही करून मोकळे झाले. देवगडहून सासू आली आणि मुलाने समजावल्यावर तिनेही केली. काकांनी सगळ्यात आधी केली. त्यांच्या सहीनंतर मी माझी केली, त्याच पेनाने.

ते नाहूरला गेले. काकूंची बहीण तिथे जवळ राहत होती म्हणून. नव्या टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर, भाड्याने. जायच्या आधी काका तीन वेळा एकटे जाऊन तो फ्लॅट मोजून आले. काकूंच्या पावलाएवढी दोरी कापून नेली होती. पलंग कुठे टाकायचा म्हणजे पहिल्यासारखीच सात पावलं होतील, ह्याचा कागद केला होता. पण भिंती काही सरकवता येत नाहीत. मोरी नऊ पावलांवर यायची.

आणि काकूंच्या पायांना अकराची सवय. पहिल्या महिन्यात दोनदा कपाळ भिंतीवर आपटलं. काका मागून चालायचे, "नऊ, अगं नऊ," म्हणायचे. काकू म्हणायच्या, "ठावक आसा माका नव. पाय आयकनत नाय." तिसऱ्या महिन्यात, काका दार उघडायला गेले असताना, त्या उठल्या आणि चालल्या. पडल्या त्या खुब्यावर. ऑपरेशन झालं. त्यानंतर त्या पलंगावरून उठल्या नाहीत.

हे सगळं मला फोनवर कळत होतं. मी जाईन जाईन म्हणत होते आणि जात नव्हते. शेवटी बिल्डर देत असलेल्या भाड्याच्या करारावर त्यांची सही लागली, म्हणून एका रविवारी गेले. चारकोपात तोवर आमच्या बिल्डिंगच्या जागी पत्रे लागले होते, आत खड्डा.

दार काकांनी उघडलं. वाळले होते. आतून काकूंचा आवाज आला, "कोण आसा?" काकांनी सांगितलं, "सेक्रेटरीबाई. हिरवा पंजाबी ड्रेस. हातात फाइल आणि मोसंब्यांची पिशवी. सहा मोसंबी." काकू हसल्या. त्यांचा चेहरा मूठभर झाला होता. खिडकी पलंगाजवळ होती, पण खिडकीतून समोरच्या टॉवरची पाठ दिसायची. मी विचारलं, संध्याकाळी काय सांगता मग? काका म्हणाले, "नऊ पाइप आहेत. एक गळतो. कधी कबुतरं असतात, तेव्हा बरं जातं."

सही झाली. आम्ही स्वयंपाकघरात उभे होतो, मी मोसंबी सोलत होते. काका म्हणाले, "दोन गोष्टी सांगतो."

मी म्हटलं, सांगा.

"एक, ती रोज विचारते. का आलो आपण इथे. रोज एकदा तरी. आणि दोन, मला उत्तर देता येतं. मी म्हणतो, अठरा लोकांना हवं होतं. निम्म्याहून जास्त. आपल्याला नको होतं म्हणून अठरांचं कसं अडवणार? मग ती गप्प होते. म्हणते, खरा आसा." मग म्हणाले, "तेवढं आहे बघ. नाहीतर तिला काय तोंड दाखवलं असतं."

मला तिथे राहवेना. एवढे महिने जे गिळून बसले होते ते वर आलं. मी सुरी ठेवली आणि म्हटलं, "काका, अठरा नव्हते."

ते माझ्याकडे वळले.

"त्यात एक हात चालणारा नव्हता. मला तेव्हाच दिसला होता. मी बोलले नाही."

रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कुठला?" आणि मी सांगायच्या आधी डोळे मिटले. उजव्या हाताचा अंगठा पेरांवर आला. ते मोजत होते. त्या गच्चीवरची माणसं, मागच्या रांगेपासून, एकेक. दीड वर्षाने दुसरी फेरी. अंगठा सरकत सरकत एका पेरावर थांबला.

"सव्वीस," म्हणाले. "सासू नव्हती. सून होती. मांडीवर पोरगा."

मी मान हलवली.

"सतरा," म्हणाले.

मीच विचारलं, "तुम्ही उलटं का नाही मोजलंत, काका? त्याच दिवशी का नाही?"

"नको असलेला आकडा आला होता," ते म्हणाले. "परत मोजायला लागलो असतो तर मला स्वतःलाच वाटलं असतं, म्हातारा एखादा हात कमी करायला बघतोय. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मोजलं असतं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू का गं नाही बोललीस?"

"मला एक खोली जास्त हवी होती."

त्यांनी मान हलवली. काही हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. मग म्हणाले, "तिला सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, नका सांगू. हात जोडले अक्षरशः. म्हटलं, आता काय उपयोग, त्या शांत आहेत, कशाला. पण ते आत गेलेच. पलंगाच्या कडेला बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं, माझं चुकलं. मी तुला रोज अठरा सांगत होतो. सतराच होते. मी नीट मोजलं नाही."

काकूंनी चेहरा त्यांच्या आवाजाकडे वळवला. मी दारात उभी होते ते त्या विसरल्या असाव्यात.

"सतरा?" त्या म्हणाल्या. "म्हणजे ठराव नाय झालो?"

"नाही."

काकूंचा चेहरा एकदम उजळला. मी बघितलं ते. लहान मुलीसारख्या त्या कोपरावर उठायला बघायला लागल्या. "मगे आता परत जावया काय घराक?"

काका त्यांचा हात हातात घेऊन बसले होते. खोटं सांगायची एकच वेळ आयुष्यात असेल तर ती ही होती. एकदा तरी म्हणा जाऊया, असं मी दारातून मनात म्हणत होते.

"घर पाडलं गं," ते म्हणाले. "तुला मागे सांगितलं होतं. सगळं पाडलं."

काकू परत उशीवर पडल्या. मी चपला घातल्या. लिफ्टपर्यंत काका आले, बटण त्यांनीच दाबलं. मी खूप रडत होते, आणि मला माझी लाज वाटत होती की मीच रडते आहे आणि ह्यांनी मला सोडायला यायचं. लिफ्ट आली तेव्हा त्यांनी विचारलं, "मुलगी काय करते आता?" म्हटलं, कॉलेजला आहे. "खोली मिळेपर्यंत तिचं शिक्षण संपेल की," म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. खरंच मोजून सांगत होते.

काकू दिवाळीच्या आधी गेल्या. मी गेले होते, पण गर्दीत मागे उभी राहिले. महिन्याभराने काका मालवणला निघून गेले, भावाच्या घरी. पत्ता बदलल्याचं पत्र सोसायटीला आलं, आणि त्याच पाकिटात दुसरा एक कागद होता. चार ओळी, सुवाच्य अक्षर. त्या रविवारच्या सभेत आपण अठरा मतं असल्याचं जाहीर केलं, प्रत्यक्षात ग्राह्य मतं सतरा होती. दुसऱ्यांदा मोजणी न करणं ही मोजणारा म्हणून आपली चूक आहे, त्यात अन्य कोणाचा दोष नाही. बांधकामाबाबत आपली काही मागणी नाही. फक्त दफ्तरात आकडा दुरुस्त व्हावा.

माझं नाव त्यात नव्हतं. सव्वीसचंही नव्हतं.

सभा आता शाळेच्या एका वर्गात होते. मी पत्र वाचून दाखवलं, ते माझं कामच. मग चेअरमन म्हणाले, "बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. एवढी वर्षं एक आकडा चुकला नाही माणसाचा." कुणीतरी म्हणालं, वय झालं हो. सव्वीसची सून खिडकीबाहेर बघत होती. मी उभीच होते. कागद हातात होता, सगळे माझ्याकडे बघत होते, कुणी मला अडवलं नव्हतं. एक वाक्य होतं बोलायचं.

मी खाली बसले.

मिनिट्समध्ये लिहिलं, सदर पत्राची नोंद घेण्यात आली. मोजणीतील चूक आपली असल्याचे संबंधित सभासदांनी स्वतः कळवले आहे. खाली सही केली आणि नियमाप्रमाणे एक प्रत त्यांना मालवणच्या पत्त्यावर पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी ती प्रत परत आली. मला वाटलं, आता तरी काहीतरी लिहिलं असेल. मला शिव्या दिल्या असतील. त्यांनी माझ्या सहीखाली फक्त दोन शब्दांचं एक वाक्य लिहिलं होतं, 'बरोबर आहे', आणि त्याखाली सही केली होती.